स्वतःच्या गाडीची देखभाल आणि गॅरेजमधील फसवणूक: नवशिक्या मालकासाठी मार्गदर्शक

गाडी गॅरेजमध्ये सोडून आलेल्या मालकाला बिल हातात पडेपर्यंत तीन गोष्टी ठाऊक नसतात. सांगितलेला बिघाड खरोखर होता का, बदलला म्हणून सांगितलेला भाग खरोखर बदलला का, आणि त्या कामाला तेवढी मजुरी लागतेच का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याला मेकॅनिकच्या शब्दावरच सोडावी लागतात. अशा वेळी नुसता संशय घेऊन काही साधत नाही, कारण माहिती नसलेला संशयी मालक प्रामाणिक कारागिराला दुखावतो आणि लबाडाला पकडू शकत नाही. उपयोग होतो तो स्वतः केलेल्या मोजमापाचा. बॅटरीचे व्होल्ट, ब्रेक पॅडची जाडी, टायरच्या खाचांची खोली आणि ऑईलची पातळी हे आकडे मालकाच्या वहीत असले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्याला घरीच मिळते. म्हणून या लेखात आधी मोजायला शिकावे, मग सोपी कामे हाती घ्यावीत, कुठे थांबायचे ते ठरवावे आणि उरलेल्या कामांसाठी गॅरेजमध्ये कसे जावे, असा क्रम ठेवला आहे.

पुस्तिका आणि वही

गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका बहुतेक घरांत डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडता पडून असते. ती एकदा शांतपणे वाचून काही नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात: इंजिन ऑईलची श्रेणी आणि तिच्यासोबत दिलेले मानक, फिल्टर बदलताना लागणारे ऑईल किती लिटर, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) प्रकार, ब्रेक ऑईल डॉट ३ श्रेणीचे की डॉट ४, टायरमधील हवेचा दाब, चाकाच्या नटांचा टॉर्क (किती जोराने आवळायचे त्याचे माप) आणि कोणता भाग किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी बदलायचा त्याचे वेळापत्रक. अनेक पुस्तिकांत दोन वेळापत्रके असतात, एक साधारण वापरासाठी आणि दुसरे कठीण वापरासाठी. रोजचे चार-पाच किलोमीटरचे छोटे फेरे, सततची गर्दी, धुळीचे रस्ते आणि जड ओझे हे सारे कठीण वापरातच मोडते. म्हणून आपली गाडी कोणत्या वेळापत्रकात बसते हे प्रामाणिकपणे ठरवावे.

या नोंदींचा पहिला फायदा बिल वाचताना होतो. पुस्तिकेत साडेतीन लिटर ऑईल लिहिले असताना बिलात पाच लिटर लावले असेल, तर उरलेले दीड लिटर कुठे गेले हे विचारण्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. दुसरा फायदा वेळापत्रकात नसलेल्या कामांबाबत होतो. इंजिन फ्लश, इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागाची) सफाई, थ्रॉटल बॉडीची (हवेच्या झडपेची) सफाई, ऑईलमध्ये घालायची निरनिराळी औषधे अशी कामे सर्व्हिसच्या यादीत सहज घुसवली जातात. यातील काही कामे विशिष्ट लक्षण असेल तर योग्यही असतात, त्यामुळे सरसकट नकार देण्याऐवजी "कोणत्या लक्षणासाठी हे काम करायचे आहे?" एवढेच विचारावे. लक्षण सांगता आले नाही, तर ते काम यादीतून काढायला लावावे.

आधी सुरक्षितता

पुढील सूचना लांबल्या तरी त्या वगळू नयेत, कारण घरी काम करताना होणारे सर्वांत वाईट अपघात गाडी अंगावर पडून होतात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग कधीही घालू नये. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो, आणि मोठा हायड्रॉलिक जॅकही आतील सील फुटले की एका क्षणात खाली बसतो. गाडी सपाट आणि टणक जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर किंवा पार्क लावावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडथळे लावावेत, पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणीच जॅक लावावा आणि उचललेली गाडी गाडीच्या वजनाला पुरतील अशा जॅक स्टँडवर टेकवावी. त्यानंतर गाडीला हाताने जोरात ढकलून पाहावे. ती हललीच, तर आपण बाहेर असतानाच हललेली बरी. तापलेला डांबरी रस्ता आणि ओली माती स्टँडच्या पायांखाली दबते, म्हणून अशा जागी खाली जाड फळी घालावी.

गरम इंजिनच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील कूलंट दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांहून अधिक तापलेले असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते उसळून चेहऱ्यावर आणि हातांवर येते. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही आपोआप सुरू होऊ शकतो, त्यामुळे तिथे हात घालण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. हा क्रम पाळला तर पान्हा चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. सांडलेले कूलंट लगेच पुसावे, कारण त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असल्याने लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना त्याचा धोका असतो. अंगठी, घड्याळ आणि सैल बाह्या कामाआधी आवराव्यात.

हत्यारे किती घ्यावीत

सुरुवातीला मोठा संच घेण्याची आवश्यकता नाही. मिलिमीटर मापाचे सॉकेट आणि रॅचेट, रिंग पान्हे, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जॅक स्टँडची जोडी, हवेचा दाब मोजण्याचा गेज, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि टॉर्क रेंच एवढ्यावर या लेखातील जवळजवळ सर्व कामे होतात. यातील टॉर्क रेंच लोक टाळतात, पण माझ्या मते नवशिक्याला अनुभवी कारागिरापेक्षा त्याची गरज जास्त असते. किती आवळले म्हणजे पुरे, हे हाताला कळायला काही वर्षे जातात आणि दरम्यान ॲल्युमिनियमच्या भागातील आटे मारले गेले की साधे काम महागडे होऊन बसते. कोणताही बोल्ट किंवा प्लग आधी बोटांनी दोन-तीन फेरे फिरवावा. तो बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरपे धरले गेले आहेत असे समजून बाहेर काढावा आणि पुन्हा लावावा.

महिन्यातून एकदा मोजमाप

ऑईल पाहण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक (ऑईल मोजण्याची पट्टी) काढून पुसावी, पूर्ण आत घालून पुन्हा काढावी आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. वरच्या खुणेच्या पुढे ऑईल भरणे हेही नुकसानकारक असते. ऑईलच्या रंगावरून घाबरवण्याची पद्धत जुनी आहे. डिझेल इंजिनमध्ये नवे ऑईलही थोड्याच वेळात काळे होते आणि पेट्रोल इंजिनमध्येही काळेपणा म्हणजे बिघाड नव्हे. चिंता करावी अशी लक्षणे वेगळी आहेत: दुधाळ तपकिरी रंग दिसला तर कूलंट ऑईलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन खाली उतरत असते, आणि पातळी महिन्यागणिक खाली जात असेल तर ऑईल कुठेतरी जळते किंवा गळते आहे.

कूलंटची पातळी इंजिन थंड असताना पारदर्शक टाकीवरील खुणांवरून पाहावी. ब्रेक ऑईलची पातळीही अशीच दिसते, परंतु तिच्याबाबत एक बारकावा आहे. ब्रेक पॅड झिजत जातात तसे त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतील पातळी हळूहळू खाली उतरते. म्हणजे थोडी उतरलेली पातळी बहुधा पॅड झिजल्याचे सांगत असते. ती न विचार करता वर भरून टाकली, तर तो इशारा पुसला जातो आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर ऑईल बाहेर सांडून रंग खराब करते. पातळी एकाएकी उतरली असेल, तर मात्र ती गळती आहे आणि गाडी चालवू नये.

टायरचा दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावा, कारण चाललेल्या टायरमधील हवा तापून आकडा वाढवते. किती दाब हवा हे चालकाच्या दाराजवळील पट्टीवर किंवा पुस्तिकेत असते. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो आपल्या गाडीसाठी सुचवलेला दाब नसतो. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला असे अनेक देशांचे नियम मानतात, आणि खाचांमधील आडव्या उंचवट्यांच्या पातळीला रबर आले की ती मर्यादा गाठली गेली असे समजावे. पावसात पकड त्याआधीच कमी होते, म्हणून तीन मिलिमीटरपासून नव्या टायरची तयारी ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. टायरच्या भिंतीवर चार आकडी निर्मितीची खूणही असते. २३२२ असे लिहिले असेल तर तो टायर २०२२ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. नवा म्हणून विकला जाणारा टायर किती जुना आहे हे ओळखायला एवढे वाचता येणे पुरते. झीज फक्त एका कडेला असेल तर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बिघडले असावे, दोन्ही कडांना असेल तर हवा कमी राहिली, आणि मधोमध असेल तर जास्त राहिली.

बॅटरीचे मोजमाप गाडी काही तास उभी राहिल्यावर घ्यावे. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर सामान्य लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, चार्जिंग करत आहे. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे थोडा फरक दिसू शकतो. इंजिन चालू असतानाही आकडा १२.५ च्या खालीच राहात असेल आणि कोणी नवी बॅटरी घ्यायला सांगत असेल, तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासून घ्यावा. नाहीतर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. पुष्कळदा दोष यांपैकी कशातच नसतो, टोकांवर पांढरा-हिरवा थर साचून संपर्क तुटलेला असतो. टोके सोडून, तारेच्या ब्रशने घासून, घट्ट बसवली की गाडी सुरू होते.

हाती घेण्याची पहिली कामे

एअर फिल्टर, केबिनचा फिल्टर, वायपरची रबरे आणि बहुतेक गाड्यांतील दिव्यांचे बल्ब हे भाग अर्ध्या तासाच्या आत, एक-दोन हत्यारांनी बदलता येतात. सर्व्हिसच्या बिलात या भागांसाठी लावलेली मजुरी अनेकदा भागाच्या किमतीइतकी असते. म्हणून सुरुवात इथूनच करावी.

त्यानंतर ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलणे हे पहिले खरे काम. इंजिन काही मिनिटे चालवून ऑईल कोमट करावे, पण इतके तापवू नये की हात भाजेल. गाडी वर सांगितल्याप्रमाणे स्टँडवर घ्यावी, वरचे ऑईलचे झाकण सैल करावे, खाली पुरेसे मोठे भांडे ठेवावे आणि ड्रेन प्लग सोडावा. प्लग सोडण्यापूर्वी तो इंजिनच्याच तळाचा आहे याची खात्री चित्र पाहून करावी, कारण गिअरबॉक्सचा प्लग त्याच्या शेजारी आणि दिसायला तसाच असू शकतो. ऑईल थेंबावर आले की प्लग पुसून, नवा वायसर घालून, बोटांनी आटे धरून मग सांगितलेल्या टॉर्कवर आवळावा.

फिल्टर काढल्यावर इंजिनवरील त्याची बैठक बोटाने चाचपून पाहावी. जुन्या फिल्टरचे रबर कधी कधी तिथेच चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रबरांमधून ऑईल दाबाने बाहेर फेकले जाते. नव्या फिल्टरच्या रबराला नव्या ऑईलचे बोट लावावे, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवावे आणि त्यापुढे साधारण पाऊण फेरा हातानेच आवळावे. फिल्टरवर वेगळी सूचना छापलेली असेल तर ती पाळावी. पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमी ऑईल ओतून इंजिन सुरू करावे, ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझतो का ते पाहावे, खाली गळती बघावी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पूर्ण करावी. दिवा विझला नाही तर इंजिन लगेच बंद करावे. जुने ऑईल डब्यात भरून वापरलेले ऑईल स्वीकारणाऱ्या केंद्राला द्यावे, गटारात किंवा मातीत ओतू नये. शेवटी वहीत तारीख, किलोमीटर, ऑईलची श्रेणी आणि फिल्टरचा क्रमांक लिहावा आणि बिल जपून ठेवावे, कारण वॉरंटीच्या काळात योग्य ऑईल वेळेवर वापरल्याचा हाच पुरावा असतो.

ब्रेक: बदलले नाहीत तरी मोजावेत

ब्रेक पॅड संपल्याचे सांगून घाबरवणे सर्वांत सोपे असते, कारण ब्रेकच्या नावाने कोणीही नाही म्हणत नाही. ही भीती योग्यच आहे, म्हणून तिचे उत्तर मोजून द्यावे. चाक काढल्यावर, आणि अनेक गाड्यांत चाकाच्या आऱ्यांमधूनही, पॅडची जाडी दिसते. लोखंडी पट्टी सोडून फक्त घर्षणाचा थर मोजावा. नव्या पॅडवर तो साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो आणि तीन मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत. आतील आणि बाहेरील असे दोन्ही पॅड पाहावेत, कारण ब्रेकची पकड ज्यांवर सरकते त्या सरकपिना अडकल्या असतील तर एकच बाजू झिजते, आणि अशा वेळी पिना साफ न करता पॅड बदलले तर तेच पुन्हा घडते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, त्यामुळे "डिस्कही बदलावी लागेल" असे कोणी म्हटले तर व्हर्नियरने (जाडी मोजण्याच्या साधनाने) घेतलेले माप दाखवायला सांगावे. पॅडवर सहा मिलिमीटर थर उरला आहे हे घरी लिहून ठेवलेला मालक त्याच आठवड्यात "पॅड लोखंडाला लागलेत" हे वाक्य ऐकून फसत नाही.

पॅड बदलण्याचे काम अवघड नाही, परंतु ते पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी असावा असे माझे ठाम मत आहे. धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे, नाहीतर पहिल्या वळणावर पेडल तळाला जाईल. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ ऑईल कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळायला हवे, तर ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर सतत ब्रेक लावताना हा फरक जीवघेणा ठरतो, म्हणून वेळापत्रकातील ब्रेक ऑईलचे काम, सामान्यतः दोन वर्षांनी येणारे, टाळू नये.

इंजिनचा पिवळा दिवा आणि स्कॅनर

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की मालकाचे अज्ञान सर्वांत महाग पडते. नव्या गाड्यांत स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकातील बिघाडांच्या नोंदी वाचण्याची जागा) असते आणि मोबाईलशी जोडता येणारा छोटा स्कॅनर तिथे लावून नोंदलेले कोड वाचता येतात. गॅरेजला जाण्यापूर्वी कोड वाचून त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि त्यासोबत नोंदलेली वेग, तापमान, इंजिनचे फेरे ही माहितीही टिपून ठेवावी. कोड आपण होऊन पुसू नयेत आणि मेकॅनिकलाही तपासणीपूर्वी पुसू देऊ नयेत, कारण त्यासोबत ही माहितीही जाते.

कोड म्हणजे भागाचे नाव नव्हे, ही गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. संगणकाला कुठला आकडा अपेक्षेबाहेर गेलेला दिसला, तेवढेच कोड सांगतो. पी०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची, कार्यक्षमता कमी झाल्याचे सांगतो आणि तो दाखवून हा महागडा भाग बदलायला लावले जाते, पण सायलेन्सरच्या नळीतील गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड देऊ शकतो. पी०१७१ हा कोड मिश्रणात हवा जास्त असल्याचे सांगतो. त्यामागे फाटलेली रबरी नळी, हवा मोजणारा मळलेला सेन्सर किंवा इंधनाचा कमी दाब यांपैकी काहीही असू शकते. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा ज्वलन चुकते आहे. जिथे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असते, तिथे याची एक सुंदर चाचणी घरी होते: इंजिन थंड असताना पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून आधीच्या नोंदींचे छायाचित्र घेतल्यावर कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता पी०३०२ आला तर कॉइल खराब आहे, आणि पी०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा खुद्द सिलिंडरकडे वळावे. एकही भाग विकत न घेता अर्धे निदान होते.

सगळीच चुकीची निदाने लबाडीतून येत नाहीत. अनेक ठिकाणी तपासणीचा वेळ वाचवण्यासाठी अंदाजाने एकेक भाग बदलत जातात आणि दिवा विझेपर्यंतचा सर्व खर्च मालकाच्या बिलात येतो. परिणाम तोच होत असल्याने, "हाच भाग खराब आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरवले?" हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. दिवा पिवळा पण स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. तो उघडझाप करत असेल तर इंजिनमध्ये न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो नासू शकतो, म्हणून वेग लगेच कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे.

कुठे हात लावू नये

एअरबॅग आणि त्यांच्या वायरी, हायब्रिड आणि विजेवरील गाड्यांमधील नारिंगी रंगाच्या उच्च व्होल्टेजच्या केबल, सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा, दाबाखालील इंधनाच्या नळ्या आणि एसीचा गॅस ही कामे योग्य साधने आणि प्रशिक्षण नसताना करू नयेत. पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणारा टायमिंग बेल्टही नवशिक्याने सोडून द्यावा. खूण चुकली तर अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात.

गॅरेजमध्ये कसे वागावे

उरलेल्या कामांसाठी चांगला मेकॅनिक लागतोच, आणि तो गाडी धडधाकट असताना, एखाद्या लहान कामाच्या निमित्ताने शोधावा. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला निवडीला वाव नसतो. चांगल्या कारागिराची ओळख बोलण्यातून पटते. तो लक्षण कधी दिसते, थंड इंजिनवर की गरम, वळताना की ब्रेक लावताना, असे आधी विचारतो, गाडी स्वतः चालवून पाहतो, बिघडलेला भाग दाखवायला बोलावतो आणि "हे अजून वर्षभर चालेल" असे सांगून स्वतःचे काम कमी करायलाही तयार असतो.

गाडी देताना निदान सांगू नये, लक्षण सांगावे. "क्लच प्लेट बदला" असे म्हणणाऱ्याला क्लच प्लेट बदलून मिळते, दोष वायरचा किंवा हायड्रॉलिक सिलिंडरचा असला तरी. कामाचा लेखी अंदाज घ्यावा आणि त्यात सुटे भाग व मजुरी वेगळी लिहून घ्यावी. अंदाजाबाहेरचे कोणतेही काम आपल्याला फोन करून होकार घेतल्याशिवाय सुरू करू नये, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. भागाचे नाव पुरेसे नाही, त्याचा क्रमांक मागावा, म्हणजे किंमत पडताळता येते आणि मूळ कंपनीचा, दुसऱ्या कंपनीचा की दुरुस्त केलेला भाग बसणार आहे तेही कळते. दोन कामांसाठी एकच भाग उघडावा लागत असेल, उदाहरणार्थ टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, तर उघडण्याची मजुरी दोनदा लावलेली नाही ना हे पाहावे.

काढलेले जुने भाग परत द्यावेत असे गाडी देतानाच सांगावे. नंतर मागितले तर "टाकून दिले" हे उत्तर तयार असते. अल्टरनेटर किंवा स्टार्टरसारखे काही भाग दुरुस्तीसाठी पुरवठादाराला परत जातात. तेव्हा ते ठेवून घेता येत नाहीत, परंतु दाखवायला सांगता येतात. गाडी देण्यापूर्वी ऑईल फिल्टर, एअर फिल्टर आणि टायर यांवर रंगाचा बारीक ठिपका द्यावा आणि किलोमीटरच्या आकड्यासह छायाचित्रे घ्यावीत. ठिपका असलेला फिल्टर बिलानंतरही गाडीतच दिसला, तर वाद घालावा लागत नाही, ठिपका दाखवला की पुरते.

काही चलाख्या ओळखून ठेवाव्यात. दुसऱ्याच गाडीचा मळका फिल्टर आपला म्हणून दाखवला जातो. शॉक ॲब्सॉर्बरवर ऑईल फासून तो गळतो आहे असे सांगितले जाते, पण खरी गळती जुनी असल्यामुळे तिच्यावर धुळीचा चिकट थर साचलेला असतो, स्वच्छ चकाकणारे ऑईल संशयास्पद असते. एसीचा गॅस दरवर्षी भरायला लावणे हीही तशीच गोष्ट आहे. तो बंदिस्त नळ्यांत फिरतो आणि वापराने संपत नाही, त्यामुळे थंडावा लवकर लवकर कमी होत असेल तर आधी गळती शोधून घ्यावी. अलाइनमेंट केल्याचा दावा असेल तर यंत्रातून निघालेला आधीच्या आणि नंतरच्या कोनांचा कागद मागावा. "या अवस्थेत गाडी बाहेर नेणे धोक्याचे आहे" असे सांगून लगेच निर्णय मागितला, तर धोका नेमका कोणता आणि कोणत्या मापावरून, हे लिहून मागावे. धोका खरा असेल तर मेकॅनिक लिहून देतो, आणि मग गाडी टो करून दुसरीकडे दाखवण्याचा पर्याय तरीही उरतो. मोठ्या खर्चाच्या बाबतीत दुसऱ्या गॅरेजचे मत घेताना पहिल्याचे निदान त्यांना सांगू नये, म्हणजे दोन्ही मते स्वतंत्र राहतात.

गाडी ताब्यात घेताना पैसे देण्यापूर्वी बोनेट उघडून डिपस्टिक पाहावी, बदललेल्या भागांवरील खुणा तपासाव्यात, गाडी सुरू करून दिवे विझतात का ते बघावे आणि ज्या लक्षणासाठी आणली होती ते गेले का हे मेकॅनिकला शेजारी बसवून, गाडी चालवून पाहावे. चाके काढली असतील तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी खाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ऑईलचे किंवा कूलंटचे थेंब पडतात का ते पाहावे.